रस्त्यापलीकडे मोहिनिसो

वाडगा रिकामा होता — धुतलेला, पुसलेला, फाटकाजवळच्या भिंतीवर पालथा घातलेला. आणि अनारकानला वाटलं, सरळ केला तर खाली काहीतरी असेल, निदान दोन जर्दाळू, मूठभर मनुका... काही नव्हतं. इतक्या वर्षांत मोहिनिसोकडून भांडं रिकामं कधी आलं नव्हतं. घरात काही नसलं तर चिमूटभर मीठ घालून पाठवायची. परवा वाडगाभर दही दिलं तेव्हा तिनं ते हसत घेतलं होतं — हसत? की नुसतंच घेतलं?

रस्ता ओलांडला की ताजिकिस्तान, म्हणजे मोहिनिसोचं अंगण. अलीकडची घरं किरगीझ, पलीकडची ताजिक, मधून पाट. तंदूर मात्र दोघींचा एकच, तिच्या दारात. आज तो थंड होता. खिडक्यांना आतून गोधड्या लावल्या होत्या. कुत्रंही भुंकत नव्हतं... कुत्रं नेलं? माणसं कुत्रं केव्हा नेतात?

गेल्या निवडणुकीतही आधी असंच शांत झालं होतं. बाजाराच्या मैदानात उमेदवार ओरडला, वीतभर जमीन सोडणार नाही. तिकडच्यांनी ते ऐकलं, तिकडे शिपाई वाढले, मग इकडे वाढले, मग पाटाच्या पाण्यावरून गुराख्यांची हाणामारी, मग गोळ्या, आणि आपला गोठा जळाला. परवा तोच माणूस त्याच मैदानात तेच बोलला, वर पाटाचं पाणी परत आणतो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या — सगळे वाजवत होते, मी काय हात बांधून उभी राहणार होते? मोहिनिसोच्या छपरावरून मैदान दिसतं.

दुपारी मतपेटी घरी आली. अंथरुणाला खिळलेल्यांकडे ती अशी दारोदार नेतात. आणणाऱ्या शाळेतल्या झामिराबाई, बरोबर एक पोलीस.

"बाबा, या खेपेला एकावरच खूण करा हं. गेल्या वेळी दोघांवर केली म्हणून गावभर सांगत होतात!" बाई म्हणाल्या.

"दोघं एकच बोलत होते! त्यात डावंउजवं कसं करणार?" सासरे उशीवरूनच खेकसले. सगळे हसले, मग हसू ओसरलं. "सूनबाई, हात धर. पाणी परत आणतो म्हणतोय ना, त्याच्यावर."

"बाबा, तो निवडून आला की पुन्हा..." अनारकान म्हणाली.

"पुन्हा काय? उन्हाळ्यात तिकडच्यांनी पाट अडवला, तुझी जर्दाळूची झाडं वाळली. ती काय भाषणानं वाळली?"

तिनं त्यांचा थरथरता हात धरला, आणि खूण ठसठशीत उमटली... इतकी ठसठशीत, की ती कुणाच्या हातानं झाली हे तिचं तिलाच कळेना.

निघताना झामिराबाई दाराशी घुटमळल्या. "समोरचे गेले वाटतं गं?"

"माहीत नाही."

"गोळ्या सुटणार असल्या की त्यांना आधी कळतं. ते गेले असतील तर तूही म्हाताऱ्याला हलव. आजच."

हलव! पाठीला जखमा झालेलं माणूस ट्रकमध्ये घालून, घर उघड्यावर टाकून... ती फाटकात येऊन उभी राहिली. मोहिनिसो आत असली की झालं. घरातच असू दे, बाई, नुसती खोकलीस तरी पुरे. मग मला कुठं जायला नको, मग काही होणार नाही. ऊन लख्ख होतं. पाट वाहत होता. समोरचं दार अंगावर आल्यासारखं जवळ भासत होतं.

आणि दाराआड आवाज झाला. रबरी जोड्यांचा, डावा पाय किंचित ओढत टाकलेला. मोहिनिसोच. दुसरं कुणी असं चालत नाही.

अनारकाननं हाक मारायला तोंड उघडलं. पावलं पलीकडे दाराशी येऊन थांबली. कडी निघाली नाही. फळ्यांच्या फटीतून कुणीतरी पाहत होतं, आणि अनारकानही पाहत होती, उघडलेलं तोंड मिटून — आणि त्या क्षणी तिला अगदी मनापासून वाटलं, की ते घर रिकामं असतं तर बरं झालं असतं.