जळलेल्या शर्टाचं इंग्रजी

"आता काय, धुणंसुद्धा इंग्रजीत वाळत घाला म्हणतील," मामी सुईच्या नेढ्याला म्हणाली.

तिचं कोपर ताईच्या कोपराला लागत होतं, म्हणजे तक्रार ताईसाठीच होती. पण मामीची रीतच तशी. गाऱ्हाणं सुईला सांगायचं आणि उत्तराची वाट शेजारणीकडून बघायची.

"वाळत घालायचं मराठीतच," ताई म्हणाली. "जळलं तर तेवढं इंग्रजीत."

हॉटेलच्या तळघरातल्या लिननरूममध्ये, म्हणजे धुण्या-इस्त्रीच्या खोलीत, त्या दिवशी एक नवीकोरी नोंदवही आली होती. पाहुण्यांच्या कपड्यांचं काही बरंवाईट झालं की त्यात लिहायचं, इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, असा नव्या साहेबांचा हुकूम होता. आजवर कुणीतरी जिन्यावरून खाली ओरडायचं, खालून कुणीतरी वर ओरडायचं, की झालं काम. आता पहिली नोंद टेबलावर पसरून पडली होती. साय रंगाचा एक शर्ट, आणि पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा, होडीसारखा ऐटदार.

कुणी जाळला ते तळघरातल्या चौघांनाही माहीत होतं. त्या चौघांतले चौथे मामाच. सगळं तळघर त्यांना मामा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला मामी. एकतीस वर्षं त्यांचा हात इस्त्रीवर होता. कापड कुठलं हे ते वाफेच्या वासावरून सांगत. पण गेले सहा महिने साय रंग आणि पांढरा, उलटी बाजू आणि सुलटी, यांतलं त्यांना काही कळेनासं झालं होतं. मागच्याच आठवड्यात त्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र इस्त्री करून नॅपकिनांच्या गठ्ठ्यावर ठेवलं, वरून थोपटलं आणि म्हणाले, "काय कडक निघालाय बघा." घड्या घालणाऱ्या चिमणीने ते गुपचूप काढून घेतलं. बातम्या अजून गरम होत्या.

बोललं मात्र कुणी नाही. मामांच्या निवृत्तीला दीड वर्षं उरली होती. नव्या साहेबांनी आल्या आल्या गुडघेदुखीच्या हमालाला फाटकावर बसवलं होतं. मामांना इस्त्रीवरून उठवलं असतं तर ते फाटकावरही बसले नसते, थेट अंथरुणावर गेले असते. म्हणून मामी सकाळी त्यांच्या मोज्यांच्या जोड्या लावून द्यायची, चिमणी गठ्ठे पुन्हा तपासायची, ताई हिशेबात वर-खाली करून घ्यायची, आणि सगळे हवापाण्याबद्दल बोलायचे.

आणि आता ही वही. वहीत रकाना होता, 'काय झालं'. साहेब तो वाचणार होते.

ताई इंग्रजी शिकली होती ती एका बेवारशी पुस्तकावर. दहा वर्षांपूर्वी एका खोलीत कुणीतरी विसरून गेलेलं, कव्हर नसलेलं व्याकरणाचं पुस्तक. जेवणाच्या सुट्टीत डब्याला टेकवून ती ते वाचायची. तिने पेन उघडलं.

"हे बघा. आपण म्हणतो, जो शर्ट जळला तो बदलून दिला. 'जो' आधी. इंग्रजीत शर्टाला आधी उभा करायचा. मग त्याच्या पाठीला चिकटून 'व्हिच'. मग 'वॉज'. मग क्रियापदाचं तिसरं रूप. द शर्ट व्हिच वॉज बर्न्ट. एवढी सगळी शर्टाची शेपटी. मग पुढे उरलेलं वाक्य. वॉज रिप्लेस्ड."

"शेपटी मध्येच?" चिमणी म्हणाली.

"मध्येच."

"आणि जाळणारा कुठे गेला?"

"जाळणारा पार शेवटी, 'बाय' लावून. नाही लावला तरी चालतं."

 मागे चारी मशीन गरगरत होत्या.

"नाही लावला तरी चालतं?" मामीने सुई खाली ठेवली.

"पुस्तकात तसंच लिहिलंय. करणारा माहीत नसला, किंवा सांगण्याची गरज नसली, तर गाळावा."

"गरज नाहीच आहे," मामी म्हणाली, सुईला नव्हे, सरळ ताईला. "कोण म्हणतं गरज आहे?"

मामा इस्त्रीपाशी पाठमोरे उभे होते. "ही भाषा शिकलेल्या माणसांची दिसते," ते म्हणाले.

मग काय, तळघराला इंग्रजीचं वेडच लागलं. मामांनी भलत्या गठ्ठ्यावर ठेवलेली एक पँट भलत्या खोलीत गेली. ताईने लिहिलं, द ट्राउझर्स दॅट वर सेंट टू रूम ट्वेल्व्ह वर ब्रॉट बॅक. चिमणी नाचायची तेवढी राहिली. "व्हिच नाही, दॅट? आणि वॉज नाही, वर?"

"वस्तूला दॅटही चालतं. आणि पँटला दोन पाय असतात, म्हणून वर."

"आणि ज्याला ती पँट मिळाली तो?"

"तो माणूस. माणसाला 'हू'. द गेस्ट हू वॉज गिव्हन द राँग ट्राउझर्स वॉज व्हेरी काइंड."

"काइंड कुठला, शिव्या घालत होता."

"त्या रकान्यात शिव्यांना जागा नाही."

उशांचे अभ्रे उलट्या बाजूने इस्त्री होऊन गेले तेव्हा पुस्तकात आणखी एक खजिना सापडला. 'व्हिच वर' सुद्धा गाळता येतं. द पिलोकव्हर्स आयर्न्ड इनसाइड आउट वर चेंज्ड. करणारा आधीच गेला होता, आता शेपटीचं निम्मं हाडही गेलं. मामी हसून हसून बाकावर आडवी झाली. "अगं, अशाने एक दिवस अभ्रेच गळतील वाक्यातून," ती म्हणाली, "आणि मग काही झालंच नव्हतं."

मामाही हसत होते. सगळ्यांत जास्त तेच हसत होते.

महिनाअखेरीस नव्या साहेबांनी सगळ्या खात्यांना वर बोलावलं आणि वही उघडून मोठ्याने वाचली. सतरा नोंदी. ताईला वाटलं, आता विचारतील, सतराच्या सतरा इस्त्रीच्या टेबलावरच्याच कशा?

साहेबांनी वही मिटली. "याला म्हणतात नोंद," ते म्हणाले. "कुठे आरडाओरडा नाही, कुणाकडे बोट नाही. बाई, तुम्ही हे सगळ्यांना शिकवा."

झालं. ताई हॉटेलची मास्तरीण झाली. आचारी डगल्याला हात पुसत तळघरात येऊन बसायचा आणि द सूप दॅट वॉज स्पिल्ड ऑन द लेडी असं घोटायचा. रिसेप्शनवाली विचारायला आली, लिफ्टमध्ये अडकलेल्या पाहुण्याला हू की व्हिच. आचारी म्हणाला, किती वेळ अडकला त्यावर आहे. ताई जिन्याने चालायची ती दोन दोन पायऱ्या गाळत. पन्नाशीला आलेल्या बाईला कुणी पहिल्यांदाच शहाणी म्हटलं की पायऱ्या अशाच गळतात. घरी भाजी करपली तर नवऱ्याला ती म्हणायची, ही ती भाजी आहे जी करपवली गेली. नवरा म्हणायचा, कुणाकडून? ती म्हणायची, सांगण्याची गरज नाही.

त्या गुरुवारीही असाच दंगा चालला होता. आचारी फळ्यावर, म्हणजे कपाटाच्या दारावर, खडूने बर्न-बर्न्ट-बर्न्ट लिहीत होता. चिमणी त्याच्या स्पेलिंगची टर उडवत होती. मामा एक डगला इस्त्री करत होते. कॉलर चाचपायला त्यांनी डावा हात पुढे केला. कॉलर तिथे नव्हती. तिथे इस्त्री होती, तळ वर करून आडवी ठेवलेली, त्यांनीच ठेवलेली.

त्यांनी नुसता श्वास आत ओढला. मामी मात्र वीज चमकावी तशी उठली आणि त्यांना ओढत नळाखाली घेऊन गेली. सगळे नळाभोवती गोळा झाले. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. तळवा लाल होता, बोटांखाली पांढुरका पट्टा होता.

"काही नाही झालं," मामा म्हणाले. "वाफ लागली."

"वाफच," आचारी म्हणाला.

"त्या इस्त्रीचं बूडच जरा तिरकं आहे," चिमणी म्हणाली. तिचा आवाज नको तितका हसरा होता.

"इस्त्री बदलायला सांगू," मामी म्हणाली, आणि या वेळी बोलायला तिला सुईही नव्हती, म्हणून ती नळाला म्हणाली.

नियम नियम होता. दुखापत झाली तरी नोंद करायची. ताईने वही आणली आणि नळाशेजारच्या टेबलावर ठेवली. आचाऱ्याने सुचवलं, द हँड. चिमणी म्हणाली, व्हिच. आचारी म्हणाला, दॅट पण चालेल ना, हात वस्तू आहे का? आणि सगळे हसले. परीक्षेला बसलेली पोरं हसतात तसे, न थांबता.

"लिही, ताई," मामा म्हणाले. तेही हसत होते, पाण्याखाली हात धरून. "द हँड व्हिच वॉज बर्न्ट. छान होतंय वाक्य." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "बाय लावू नकोस हं."

ताईने पेन कागदावर टेकवलं. द हँड एवढं लिहून झालं. अक्षर सुरेख आलं होतं. पुढची शेपटी तिला तोंडपाठ होती, तीन शब्द, वेळ काय लागणार. सतरा वेळा तिने ती लिहिली होती आणि सतराही वेळा तिला वाटलं होतं की आपण मामांना वाचवतोय. इतक्या महिन्यांत एकानेही त्यांना डॉक्टरकडे नेलं नव्हतं. नेणार कसं? न्यायचं तर आधी बोलावं लागलं असतं.

मामी तिच्याकडे बघत होती. बोलू नकोस असं ती नजर म्हणत होती. की बोल म्हणत होती, ते ताईला कळेना.

तिने पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि मशीनच्या आवाजावर जाईल इतपत आवाज चढवला.

"मामा," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही."