इकोत अडकवलेला सूर

दुकानदाराने काउंटरवर ओळीने गिटारची पेडलं मांडली आणि प्रत्येकाला एकेक वाक्य जोडलं. हे आवाज फाडतं, हे मोठ्या हॉलसारखं घुमवतं, हे सूर थरथरवतं. धाकट्याने आवाज फाडणारं आणि घुमवणारं लगेच पसंत केलं. अडलं ते इकोपाशी.

इको म्हणजे वाजवलेला सूर थोड्या अंतराने परत आणणारं पेडल. बँडच्या शेवटच्या गाण्याची सुरुवात त्याच्यावरच उभी होती. एक सूर वाजवायचा, पायाने दाबून तो पेडलमध्ये अडकवायचा आणि तो फिरत असताना वरून बाकीचं वाजवायचं. ही सुरुवात दादाची. दादा गेल्यानंतरचा बँडचा पहिला कार्यक्रम शनिवारी होता आणि त्याच्या जागी धाकटा उभा राहणार होता.

"हे काय वाईट आहे?" ड्रमवाला म्हणाला. त्याला सगळे जाड्या म्हणत, कारण तो काडीसारखा होता.

"कोरडं आहे."

"कोरडं? पेडल आहे की खोकला?"

"दादाच्या इकोत सूर परत येताना जरा काळवंडतो. यात जसाच्या तसा येतो."

"ते मॉडेल कधीच बंद झालं," दुकानदार म्हणाला. "पण तुमच्या घरी आहे ना ते? मग इथे कशाला डोकं फोडताय?"

जाड्या छताकडे बघू लागला.

"ते सध्या चालू आहे," धाकटा म्हणाला.

"मग बंद करून घेऊन या की."

धाकट्याने कोरडं पेडलच पुन्हा हातात घेतलं. दुकानदाराने कोरडं पेडल घरी ताडून बघायला दिलं. बाहेर आल्यावर जाड्याने धाकट्याचा दंड धरला.

"वहिनींना सरळ विचार. सुरुवात फसली तर लोक म्हणतील, थोरला बरा होता."

"तेच म्हणणार आहेत."

"मग निदान आवाज तरी थोरल्याचा असू दे."

गेला त्या दुपारी दादा सरावाला बसला होता. त्याने सूर अडकवला आणि तो फिरता ठेवून कोपऱ्यावर गिटारच्या तारा आणायला गेला. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं. वहिनी इस्पितळातून परतली तेव्हा घरात सूर चालूच होता. तिने तो बंद केला नाही. वीज असेपर्यंत पेडल तो फिरवत राहतं, हे दादानेच तिला कधीतरी सांगितलं होतं. बँडमधल्या कुणीतरी तो रेकॉर्ड करून देऊ केला. वहिनी म्हणाली, तो फोटो झाला. हा चालू आहे.

धाकटा दादाच्या घरी पोचला, तेव्हा जिन्यातच सूर ऐकू येऊ लागला. शेजाऱ्यांना आधी तो पाण्याचा पंप वाटला होता. खरं कळल्यावर त्यांनी तक्रार करणं सोडलं आणि त्या दारावरून जाताना बोलणंही.

वहिनी दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांचं काम घरी आणायची. तिने आपलं टेबल दादाच्या खोलीत हलवलं होतं. टेबलावर मेणात बसवलेल्या दातांची रांग होती.

"हे कोण हसतंय?" धाकट्याने विचारलं.

"एक रिटायर्ड मास्तर. जन्मात हसले नसतील, आता हसावं लागेल. बसा भाऊजी. चहा ठेवू?"

"नको. हे पेडल दादाच्या पेडलशी ताडून बघायचंय."

"बघा. फक्त त्याच्या वायरीला हात लावू नका."

त्याने आपली गिटार काढली, ट्यूनर लावून जुळवली आणि कोरड्या पेडलमधून तोच सूर वाजवला. दोन सूर एकमेकांना घासू लागले. मध्येच फुगायचे, मध्येच बसायचे. त्याने पुन्हा ट्यूनर पाहिला. त्याची गिटार बरोबर होती. खोलीत फिरत होता तो सूर किंचित उतरलेला होता.

दादा गिटार जुळवल्याशिवाय सावलीलासुद्धा वाजवून दाखवत नसे. जाड्या त्याला ट्यूनरचा नवरा म्हणायचा.

धाकट्याने भिंतीवरच्या दादाच्या गिटारची तीच तार हलकेच छेडली. बरेच दिवस कुणी न जुळवलेली तार फिरत्या सुराला तंतोतंत मिळाली.

वहिनीची मेणावरची कोरणी थांबली.

"गेल्या आठवड्यात वीज गेली होती," वहिनी म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. "आल्यावर सगळी घरं उजळली आणि इथे काहीच नाही. मग मीच गिटार काढली. तार छेडली, पेडल दाबलं. किती वेळा चुकलं. शेवटी लागला." ती वळली. "तोच आहे ना?"

नाही म्हटलं की पेडल मोकळं होणार होतं. बॅगेत त्याची जागासुद्धा रिकामी ठेवली होती.

"तोच आहे," धाकटा म्हणाला.

"कवळी बसली नाही की माणसं आधी 'छान आहे' म्हणतात," वहिनी म्हणाली. "मी रोज ऐकते, भाऊजी."

ती उठली आणि तिने प्लग खेचला.

फ्रिजची घरघर ऐकू आली. खाली कुणीतरी बादली ठेवली. धाकटा नकळत पेडलकडे वाकला, वायर सोडवायला. वहिनीने तोवर गिटार भिंतीवरून काढून त्याच्यापुढे धरली होती. दुसऱ्या हाताने तिने प्लग परत लावला.

"तुम्ही वाजवा."

"वहिनी, तो माझा सूर होईल."

"तुमचा हात त्याच्यासारखाच पडतो. त्यानेच बसवलाय. माझा हात मेणावरचा."

"आणि पुन्हा वीज गेली तर?"

"तर पुन्हा या."

तिच्या आवाजात विनंती नव्हती, रडू नव्हतं. एखाद्याला मापासाठी परत बोलवावं, तसं ती बोलली. धाकट्याने गिटार घेतली, जुळवली, सूर वाजवला आणि पेडल दाबलं. सूर गेला आणि थोडा काळवंडून परत आला. पुन्हा गेला. वहिनीने मान कलती करून ऐकलं, मग कोरणी उचलली आणि मास्तरांचा एक दात सरळ करू लागली. तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. धाकटा खोलीत आहे की गेला, हे आता तिला बघायची गरज नव्हती.

तो रस्त्यावर पोचला तेव्हा जाड्याचा फोन आला.

"मिळालं?"

"नाही. दुकानातलं घेतोय."

"अरे, मग दादाचं?"

"त्यात आता मी आहे."

"काय बरळतोयस?"

धाकट्याने वर पाहिलं. खिडकी बंद होती. तरी सूर खालपर्यंत येत होता आणि तो अगदी बरोबर जुळलेला होता.