उजवीकडची हिरवी माणसं

मालिकेतली सासू डावीकडून आली तेव्हा चांगली गोरीपान होती. तणतणत उजव्या कोपऱ्यातल्या देवघरापाशी पोचली आणि हिरवी झाली. कैरीसारखी हिरवी, वर पदराला जांभळी झाक. अनसूयाने चष्मा पुसला. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून बघितला. सासू हिरवी ती हिरवीच.

टीव्हीला खेटून ठेवलेल्या स्पीकरमधून सासूचा आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जात होता. मागे बसून मटार सोलता सोलता अनसूयाने नवऱ्याला विचारलं, "अहो, हिचं तोंड तुम्हाला हिरवं दिसतंय का हो?"

महिपतने टीव्हीवरची नजर हलवली नाही. "ठीक आहे गं," तो म्हणाला. "चांगलं आहे."

झालं! टीव्ही जुना डबा असला तरी तो बिघडला असता तर दोघांनाही दिसलं असतं. एकटीलाच दिसतंय म्हणजे बिघाड आपल्या डोळ्यांत. आणि डोळे गेले तर अनसूयाकडे राहतं काय? केबिन रोडवर जितेशभाईंच्या मॅचिंग सेंटरमध्ये ती इतकी वर्षं टिकली होती ती डोळ्यांच्या जोरावर. गिऱ्हाइकाने पिशवीतून साडी अर्धी काढेपर्यंत हिचा हात नेमक्या त्याच रंगाच्या फॉलवर पडलेला असायचा. मोरपंखी आणि रामा रंगात घोटाळा करणाऱ्या पोरींना ती तोंडावर हसायची. महिपत रिटायर झाल्यापासून घरालाही त्या पगाराचा आधार होता. पण खरं सांगायचं तर घरापेक्षा तिचा तोराच त्या डोळ्यांवर जास्त चालत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे रंग जागच्या जागी दिसले. पण दिसतात ते खरेच, हे कशावरून? डाळिंबी साडी घेऊन एक बाई आली. अनसूयाचा हात अस्तराच्या ताग्याकडे गेला आणि मधेच थांबला. हे डाळिंबी की मरून? ती साडी आणि तागा उचलून सरळ रस्त्यावर उन्हात गेली. मागून रिक्षावाला हॉर्न मारत राहिला, ही आपली रंगाला रंग लावून बघतेय.

जितेशभाई बघतच राहिले. "अनसूयाबेन, आप कब से बाहर जाके देखने लगे? तबियत ठीक है ना?"

"लाइट थोडा कम लगता है, शेठ," ती म्हणाली. दुकानात ट्यूबलाइटींचा नुसता लखलखाट होता.

संध्याकाळी तिने पुन्हा विषय काढला. "अहो, मला आज पण ती हिरवीच दिसतेय."

"हो ना," महिपत मान डोलावत म्हणाला. "छान आहे."

हिरवी बाई छान? हा माणूस आपली समजूत घालतोय की चेष्टा करतोय, तिला काही कळेना. बरं, डोळा बिघडायचा तर सगळीकडे बिघडावा! सून डावीकडे बसून रडते ती व्यवस्थित गोरी, तीच उजवीकडे येऊन रडली की हिरवी. असला कसला आजार? विचार करून डोकं भणभणलं. शेवटी तिने ठरवलं, कुणाला न सांगता मीरा रोडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं.

पण त्याआधीच रविवारी शेजारची समिधा अळूवड्या घेऊन आली. महिपत भाजी आणायला गेला होता, टीव्ही चालूच होता.

"वहिनी, टीव्ही केवढा हिरवा झालाय तुमचा!"

अनसूयाने तिचा हातच धरला. "तुला दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? हा स्पीकर कधी आणलात?"

"ह्यांनी आणला. आवाज कमी येतो म्हणून. महिनाभर झाला असेल."

"मग त्याचंच काम. आत लोहचुंबक असतं ना, ते जुन्या टीव्हीचे रंग ओढतं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा कोपरा असाच जांभळा व्हायचा, मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचे तेव्हा."

तिने स्पीकर लांब सरकवला, टीव्ही मेन स्विचवरून बंद केला. अळूवड्या खाऊन झाल्यावर पुन्हा लावला. आतून ठण्ण आवाज आला आणि उजवीकडचा माणूस माणसाच्या रंगाचा झाला. अनसूयाला नाचावंसं वाटलं. डोळे शाबूत होते! समिधा गेल्यावर मात्र तिच्या मनात आलं, म्हणजे ह्यांनाही हिरवंच दिसत होतं. मग ठीक आहे, छान आहे, हे काय चाललं होतं?

महिपत आला, पिशवी ठेवून खुर्चीत बसला. रिमोटने आवाज वाढवला, आणखी वाढवला. मग उठून स्पीकर ओढत पुन्हा टीव्हीला टेकवला. सासू हिरवी झाली. तो समाधानाने बघू लागला.

अनसूया त्याच्या मागे उभी होती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, मी उद्या घर सोडून चाललेय."

"हं," महिपत म्हणाला. "चांगलं आहे."

तिला आधी हसू आलं. किती दिवस ती ह्या माणसाच्या पाठीशी बोलत होती! ती पुढे गेली, टीव्ही बंद केला आणि त्याच्या समोर बसली. "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. ठीक आहे म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बरेच दिवस झाले," तो म्हणाला. "तू काय बोलतेस ते कळत नाही मला. पण तुला एकटीनेच बोलल्यासारखं वाटू नये, म्हणून काहीतरी म्हणतो."