शनिवार-रविवारची खाट

"कोण आहे ते मागाहून विचारा, आधी दार उघडा!"

बाबांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. सारायेव्होच्या व्रात्निक मोहल्ल्यात, चढावरच्या आमच्या घरी कडी वाजली की ते आतूनच ओरडायचे. पाहुण्याला मोठी खाट, घरच्यांना स्वयंपाकघरातला बाक. बाबा गेले, रीत राहिली.

परवा नोव्ही सादला, माझ्या नोकरीच्या गावी, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या आम्ही तिघी स्वस्तात दोन दिवस कुठे जाता येईल ते शोधत होतो. स्कोप्ये फार लांब, तिमिशोआराला खोल्या महाग. फोनवर बोट फिरवता फिरवता तियाना ओरडली, "मेर्सिहा, तुझं सारायेव्होच बरं! हे बघ, जुनं घर, खिडकीतून सगळं शहर दिसतं. आणि लिहिलंय काय, तर 'प्रेमळ म्हातारी कॉफी करून देते, फुकट'. फुकट म्हातारी, बाई! आणखी काय हवं?"

दोघी खिदळल्या. मी फोटो पाहिला. खाटेवर निळी चादर होती. तिच्या काठावरची डाळिंबं आईने माझ्या लग्नाआधी, माझ्या शेजारी बसून भरली होती.

खोली आमच्याच घरातली होती. शनिवारी घरी फोन केला की माझा धाकटा भाऊ झियाद म्हणायचा, "ताई, आज नको, पाहुणे आहेत."

शुक्रवारच्या बसने मी एकटीच निघाले.

सकाळी दार आईने उघडलं. भिंत धरत धरत ती पुढे चालली. बाकावर तिची उशी होती, पांघरूण होतं. बाक इतका आखूड की तिने रात्री पाय कुठे ठेवले असतील, मला कळेना. आतल्या खोलीत, डाळिंबांच्या चादरीवर, कुणाच्या तरी बॅगा पसरलेल्या होत्या. बॅगवाले शहर बघायला गेले होते.

"झियादचे दोस्त आहेत," आई म्हणाली. "लांबून येतात बिचारे."

"दर शनिवारी नवे दोस्त?"

"मनमिळाऊ आहे तो."

अंगात कुणी निखारे ओतावेत तसा राग चढला. तेवढ्यात झियाद गरम पाव काखेत घेऊन आला.

"अरे वा, ताई! न सांगता?"

"सांगून आले असते तर खाट मिळाली असती? की मीही फोनवरूनच नोंदवायची? मैत्रिणींबरोबर स्वस्त खोली शोधताना हीच खाट निघाली!"

त्याचा चेहरा पडला. "हळू बोल. छप्पर कुणी दुरुस्त केलं? हिवाळ्याची लाकडं कुणी भरली? तू? तू तिकडून नुसते फोन करतेस."

"म्हणून म्हातारीला बाकावर झोपवायचं? हे दोस्त पैसे मोजून झोपतात, हे तिला ठाऊक तरी आहे का?"

"तिला आवडतं! माणसं आली की ती खुलते. विचार तिलाच!"

आई चुलीशी, एक हात भिंतीला टेकून, पाठमोरी उभी होती. तिच्या हातातून मी कॉफीचं भांडं ओढून घेतलं. आमच्याकडे पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची. तिसरी मुकाट्याने पुढे येते, आणि पाहुणा काय ते समजून चपला शोधू लागतो. आईच्या हातची तिसरी कॉफी कुणी पाहिलेली नाही. मी थेट तीच केली आणि भावासमोर ठेवली.

झियाद हसला. मग हसू विरलं. "माझ्याच घरातून मला उठवतेस?"

"कुणाचं घर रे, मेल्या?"

आईने हात लांबवून तो पेला बाजूला सारला. मला वाटलं, आता पुन्हा लेकाला पदराखाली घेणार.

"याला उठवायचं तर मी उठवेन," ती म्हणाली. "तू नाही. तूही फार ताठू नकोस. स्वस्त खोली शोधायला निघालीस, तेव्हा आई सापडली तुला."

ती झियादकडे वळली.

"आणि तू. दोस्त म्हणे! त्यातल्या एकालाही तुझं नाव धड घेता येईना. पहिल्याच शनिवारी कळलं मला. गप्प बसले. लेकाने माझी खाट विकली म्हणण्यापेक्षा घरी पाहुणे आलेत म्हणणं सोपं होतं."

भिंत सोडून ती सरळ उभी राहिली.

"पण मला पाय पसरून झोपायचंय, झियाद. आज. माझ्या खाटेवर. त्या बॅगा बाहेर काढ."