काठावरचा जोडीदार

लंबूला पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यानं पोलीसभरतीच्या वेळी कुणी विचारली नाही म्हणून सांगितली नव्हती. त्याचे वडील शिंपी. दुकानामागच्या दोन खोल्यांत वाढलेल्या लंबूनं गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं होतं ते फक्त चित्रात. त्यामुळे प्रशिक्षण केंद्रात पहिल्यांदा अंगावर गणवेश आणि पायात बूट घालून तलावाच्या काठावर उभं केलं, तेव्हा तो दोन पावलं मागे सरला.

त्याला जोडीदार मिळाला तो मात्र अगदी उलटा. नावाड्याचा मुलगा. चालायच्या आधी पोहायला शिकला असावा, असा. पाण्यात सूर मारायचा आणि भलत्याच ठिकाणी डोकं वर काढायचा, म्हणून सगळे त्याला पाणकावळा म्हणायचे. लंबूचा हात धरून त्यानंच त्याला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं. "अरे, एवढे लांब हातपाय दिलेत देवानं, ते काय कपडे वाळत घालायला?"

पोहणं शिकवायला होत्या त्या उस्ताद; केंद्रात प्रशिक्षकाला सगळे असंच म्हणत. बाई पन्नाशीच्या जवळ आलेल्या, केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत. पाठीमागे त्यांना सगळे आत्याबाई म्हणत, कारण त्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसत. कुणी पाण्यात पाय बुडवायच्या आधी त्या तलावाभोवती एक फेरी मारायच्या. आकडा लावलेला लांब बांबू जागेवर आहे का बघायच्या, ऑक्सिजनच्या नळकांड्याची तोटी फिरवून मुखवटा स्वतःच्या तोंडाला लावून बघायच्या. रोज. कुणी हात लावला नसला तरी.

"एक पाण्यात, एक काठावर," हा त्यांचा नियम. "काठावरच्याला दुसरं काही काम नाही. गप्पा नाहीत, बुटाची नाडी बांधणं नाही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याच्याकडे तोच नसतो. तो गुपचूप जातो. शेजारी पोहणाऱ्यालाही पत्ता लागत नाही."

आणखी एक गोष्ट त्या बजावून सांगायच्या. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायचा नाही. "त्यानं हवा जास्त साठत नाही. फक्त 'आता वर ये' असं शरीर जे सांगतं, ते सांगायचं राहून जातं. बरं वाटत असतानाच शुद्ध हरपते. आणि हे कच्च्या पोहणाऱ्याला होत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाच होतं."

पाणकावळ्यानं लंबूला कोपर मारलं. "आत्याबाईंचं पुराण सुरू झालं."

तलावाच्या भिंतीवर एक पाटी होती. पाण्याखालून, एका श्वासात सगळ्यात लांब गेलेल्याचं नाव तिच्यावर असे. पाणकावळ्याचा डोळा पहिल्या दिवसापासून त्या पाटीवर होता.

सरावाच्या एका सकाळी उस्ताद दुसऱ्या टोकाला कच्च्या मुलांना तरंगायला शिकवत होत्या. खोल बाजूला पाणकावळ्याची पाळी होती, काठावर लंबू. पाणकावळा खांबाच्या आडोशाला उभा राहून भात्यासारखी छाती हलवत होता.

"अरे, हेच नको म्हणाल्यात ना त्या?"

"तू शिट्टी तोंडात धर आणि गंमत बघ," तो हसला, आणि पाण्यात शिरला.

गेला तो सुरीसारखा. पलीकडच्या भिंतीला पाय लावून वळला, परत निघाला. काठावरची पोरं टाळ्या पिटू लागली. अर्ध्या वाटेत तो थांबला.

"बघा, बघा! कसा टिकून राहिलाय!" कुणीतरी ओरडलं.

लंबू बघतच होता. पाण्याची भीती वाटत असल्यामुळे त्याला पाण्यावरून नजर काढायचं धाडसच होत नसे. तोंडातून चार बुडबुडे आले. मग काहीच नाही. तो दम धरून थांबला असेल, तर शिट्टी वाजवणाऱ्या लंबूची आयुष्यभर टर उडणार होती. पण पाणकावळ्याची बोटं सैल पडली होती. झोपलेल्या माणसाची असतात तशी. दम धरणारा माणूस असा सैल असतो का?

लंबूनं जीव खाऊन शिट्टी फुंकली.

उस्तादांनी 'काय झालं' म्हणून विचारलंसुद्धा नाही. "सगळे बाहेर!" एवढं म्हणून त्या कपड्यांसकट पाण्यात होत्या. लंबूनं बांबू खाली घातला, आकडा कॉलरला लागून निसटला. तेवढ्यात खालून उस्तादांनी पाणकावळ्याला वर ढकललं. लंबू काठावर पालथा पडला, होते नव्हते तेवढे हात लांब केले आणि त्याला बगलेत धरून ओढलं.

ओठ निळे पडले होते. लंबूला रडू फुटलं. उस्तादांचा आवाज मात्र रोजच्यासारखाच होता, उलट जरा हळू. "तू डोकं धर, असं. तू नळकांडं आण. तू डॉक्टरांना फोन कर, आणि ते काय म्हणाले ते मला येऊन सांग." एकीकडे त्या त्याच्या तोंडात श्वास भरत होत्या. छाती वर येताना दिसत होती, खाली जात होती. पुन्हा. पुन्हा. मग पाणकावळ्याला एक ठसका लागला, तोंडातून पाणी आलं, आणि तो भेसूर आवाजात श्वास ओढू लागला. तेवढा सुंदर आवाज लंबूनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

उस्तादांनी त्याला कुशीवर वळवलं, मुखवटा लावला. तो हातानं दूर सारून "मी ठीक आहे" म्हणू लागला, तर त्याही अवस्थेत त्यांनी त्याला दटावलं, "ठीक आहेस की नाही ते डॉक्टर ठरवतील. पाणी छातीत गेलं की मागाहूनही त्रास होतो. गप पड."

दुपारी केंद्राचे प्रमुख आले. लंबूला साक्षीला बोलावलं होतं. प्रमुख म्हणाले, "मुलानं तुमचा नियम मोडला. तुमच्याकडे बोट दाखवण्यासारखं काही नाही, बाई."

"आहे, साहेब," उस्ताद म्हणाल्या. त्यांचे केस अजून ओले होते. "एकीकडे मी दम कोंडू नका म्हणते, आणि दुसरीकडे दम कोंडणाऱ्याचं नाव भिंतीवर लावते. विशीतल्या पोरांनी यातलं कुठलं ऐकायचं? खोल बाजूला मी नसताना बुडी मारू दिली, हेही माझ्याच नावावर लिहा."

प्रमुख उठले, तलावावर गेले आणि खुर्चीवर चढून त्यांनी पाटी स्वतःच्या हातानं खाली काढली. खुर्ची उस्तादांनी धरली होती. खुर्ची धरून उभ्या असलेल्या त्या ठेंगण्या बाईकडे बघताना लंबूला वाटलं, पाण्यात उडी मारायला हिंमत लागतेच. पण मघाशी साहेबांसमोर ते बोलायला त्याहून जास्त लागली असणार.

दुसऱ्या दिवशी पाणकावळ्याचे वडील इस्पितळात आले. तो उशीला टेकून बसला होता, खोकत होता. त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वळून विचारलं, "काठावर कोण होतं?"

लंबू पुढे झाला. म्हाताऱ्यानं वल्ही मारून घट्टे पडलेल्या हातात त्याचा हात घेतला. "पोहता येतं का बाळा तुला?"

"नाही काका. नुसता बघत होतो."

"नुसतं?" ते म्हणाले, आणि त्याचा हात त्यांनी कपाळाला लावला.

डॉक्टरांनी पाणकावळ्याला बरेच दिवस पाण्याबाहेर ठेवलं. या काळात तो काठावर बसायचा, तोंडात शिट्टी आणि डोळे पाण्यावर. गप्पा मारायला आलेल्यांना तो असा झटकायचा, की पोरं त्यालाच आत्याबाई म्हणू लागली. खऱ्या आत्याबाईंच्या कानावर ते गेलं, आणि त्या पहिल्यांदाच सगळ्यांसमोर खळखळून हसल्या.

पुढे बऱ्याच आठवड्यांच्या सरावानंतर लंबू पूर्ण गणवेशात, बुटांसकट, खोल पाण्यातून एकट्यानं पलीकडे गेला. वेळ सगळ्यांत जास्त लागला आणि पाणीही भरपूर प्यायला. काठ हाती लागल्यावर तो धापा टाकत वर बघू लागला, तर उस्ताद त्याच्यापुढे वाकून उभ्या होत्या.

"दमलास?"

"हो, उस्ताद."

"मग बस पाच मिनिटं. पुन्हा जायचंय."