भात बंद

रत्नमालाबाईंनी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं वठणीवर आणली होती. त्यामुळे आजारालाही तसंच वठणीवर आणता येतं, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. त्यांचे यजमान अश्वजितभाऊ, निवृत्त ग्रामसेवक, एका दुपारी आपल्याच गावच्या, दिघोरीच्या भर बाजारात घरचा रस्ताच विसरले. त्याच आठवड्यात बाईंनी त्यांना नागपूरच्या डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टर म्हणाले, आजार विसरण्याचा आहे, पुरता थांबणार नाही. पण मेंदूतला दाह वाढू नये म्हणून खाणं सांभाळा. पालेभाज्या, जवस, मासे, अक्रोड द्या. गोड आणि तळलेलं टाळा. भात जरा कमी करा.

आता ‘जरा’ काही करणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. घरी आल्या आल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लागला. सकाळी जवसाची चटणी आणि चार अक्रोड, दुपारी पालेभाजी, रात्री तलावातले मासे, तेही तळायचे नाहीत. भात बंद! धानाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाचा भात बंद. घरच्या शेतातला चिन्नोर तांदूळ कोठीत भरलेला, आणि भाऊंच्या ताटात दोन्ही वेळा ज्वारीची भाकर.

“रत्ना, मले भात दे ना,” भाऊ म्हणायचे.

“नाही म्हणजे नाही. भात खाल तर एक दिवस मलेच विसरून जाल.”

ऐकणाऱ्याला ही धमकी वाटायची, पण ती बाईंची भीती होती. बाकी सारं विसरले तरी चालेल, पण या माणसानं शेवटपर्यंत आपल्याला रत्ना म्हणून हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यापायी त्या घड्याळ लावून भाजी निवडत होत्या.

मग भाऊ शेजारच्या पुष्पाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसू लागले. त्या बिचाऱ्या भात-वरण वाढायच्या. बाईंना कळलं तेव्हा त्या तडक तिथे गेल्या, भाऊंच्या पुढचं अर्धवट जेवलेलं ताट उचललं आणि अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “यायले कोणी काही खाऊ घालायचं नाही! मी इकडे रक्ताचं पाणी करून राहिली, अन् तुम्ही त्यावर बोळा फिरवता.”

“भुकेले होते जी, मॅडम,” पुष्पाबाई एवढंच म्हणाल्या.

भाऊ खरकट्या हातानं, मान खाली घालून बाईंच्या मागोमाग घरी आले. बाईंनी तेव्हा मागे वळूनही पाहिलं नाही. आज ते आठवलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सात महिन्यांनी पुन्हा नागपूर. शाबासकी मिळेल म्हणून बाईंनी तक्ताही सोबत नेला होता. डॉक्टरांनी भाऊंना वजनकाट्यावर उभं केलं. अकरा किलो उतरले होते.

“बाई, मी कमी म्हटलं होतं, बंद नाही,” डॉक्टर म्हणाले. “आजार पुढे गेला, त्यात तुमचा दोष नाही. पण उपाशी माणसाचा मेंदू कसा सुधारेल? आता त्यांना आवडेल ते पोटभर खाऊ द्या.”

घरी येताच त्यांनी चिन्नोर शिजवला. वास साऱ्या घरात पसरला. त्यांनी ताट वाढलं, वर वरण घातलं आणि भाऊंच्या पुढे ठेवलं.

भाऊंनी भाताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. दोन महिन्यांपासून त्यांनी कोणालाच नावानं हाक मारली नव्हती.

“लवकर वाढा जी, बाई,” ते हळूच म्हणाले. “या घरात एक मास्तरीण राह्यते. ते आली त खाऊ नाही देत.”

पोटच्या पोरांची नावं गेली होती, लग्नाचा दिवस गेला होता, रत्ना गेली होती. साऱ्या संसारातून त्यांच्याजवळ उरली होती ती एवढीच, खाऊ न देणारी मास्तरीण. रत्नमालाबाईंनी तोंडात पदर कोंबला. मग तो काढून त्या म्हणाल्या,

“ते गेली जी. आता नाही येत.”

“खरं सांगता?”

“खरं.”

“बरं झालं,” भाऊ म्हणाले, आणि ताट जवळ ओढून जेवू लागले.