बारावं झाकण

परसातल्या तुतीला सासरे पहिल्यापासून नावं ठेवत. "जॅम दुकानात मिळतो की. हात कशाला जांभळे करून घ्यायचे?"

तरी सुनेने सकाळभर फळं तोडली, जॅम शिजवला आणि गरमागरम बारा बरण्यांत भरला. बरणी निवताना झाकण टक् करून आत बसलं, की वर्षभराची काळजी मिटते. अकरा झाकणं वाजली. बारावं ढिम्म.

"हे नाही बसलं, तर आजच संपवावी लागेल ही बरणी."

सासरे कधी नव्हे ते स्वयंपाकघरात आले आणि चमचा घेऊन बसले.

टक्.

त्यांचा पडलेला चेहरा पाहून सुनेची मान ताठ झाली. बरणी सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवत ती म्हणाली, "दुकानात मिळतो की, बाबा."